१.३६ किलोच्या लढाऊ रोबॉटसाठी लिथियम पॉलिमर बॅटरी: निवड, जोडणी आणि बसवणी

नवखा_यंत्रकार (पुणे)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आम्ही चार मित्र मिळून ३ पौंडी, म्हणजे १.३६ किलो वजनगटातला आमचा पहिला लढाऊ रोबॉट बांधत आहोत. पुढच्या बाजूला उभी फिरणारी १३० मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती आहे, तिचे वजन २३० ग्रॅम आहे आणि ती ९०० केव्हीच्या, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ९०० फेरे घेणाऱ्या, ब्रशलेस मोटरवर थेट बसवलेली आहे. चालवण्यासाठी गिअर लावलेल्या दोन लहान मोटरी आहेत. सांगाडा, मोटरी, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि रिसीव्हर हे सारे बसवून झाल्यावर जी जागा आणि जे वजन उरले, त्यात मावेल अशी तीन सेलची ४५० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी आम्ही घेतली. तिच्यावर ७५सी, म्हणजे क्षमतेच्या ७५ पट प्रवाह देऊ शकते, असे छापलेले आहे आणि वायरसह तिचे वजन सुमारे ४५ ग्रॅम भरते.

पहिली चाचणी नीट पार पडली. दुसऱ्या चाचणीत चकती एका लाकडी फळीत अडकली आणि आमच्या सहकाऱ्याने थ्रॉटल सोडेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले. रोबॉट उघडला तेव्हा बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापलेली होती आणि मधोमध उशीसारखी फुगली होती. ती वरच्या प्लेटखाली घट्ट दाबून बसवलेली असल्यामुळे बाहेर काढतानाही भीती वाटली. सुदैवाने पुढे काही झाले नाही. ती आता गच्चीवर वाळूच्या बादलीत ठेवली आहे.

माझे तीन प्रश्न आहेत. सीचा आकडा आणखी मोठा असलेली बॅटरी घ्यावी, एमएएच वाढवावेत, की चार सेलवर जावे? दुसरे असे की, आमच्याकडे दोन जुने पॅक आहेत, त्यांतील चांगले सेल काढून आमच्या जागेत बसेल असा चपटा चार सेलचा पॅक आम्हीच जोडला तर चालेल का? आणि तिसरे, पॅकवरचा कनेक्टर बदलून एक्सटी-३० लावायचा आहे, तो सुरक्षितपणे कसा लावावा? सविस्तर उत्तर मिळाले तर आमच्या पूर्ण गटाला उपयोग होईल.

---

ओहमचा_नियम (ठाणे)

नमस्कार. कोणालाही इजा झाली नाही आणि फुगलेला पॅक तुम्ही पुन्हा चार्ज केला नाही, या दोन्ही गोष्टी वाचून बरे वाटले. मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. सेल सुटे करून जोडण्याबद्दल आणि सोल्डरबद्दल येथे माझ्यापेक्षा अधिक जाणणाऱ्या सदस्या आहेत.

तुमची खरी चूक बॅटरीच्या निवडीच्या आधीच झाली आहे. सगळे बसवून उरलेल्या जागेत बॅटरी घालायची, या क्रमाने बांधलेला प्रत्येक रोबॉट याच ठिकाणी अडतो. एका लढतीला किती ऊर्जा लागेल आणि कमाल किती प्रवाह लागेल हे आधी काढायचे, त्यावरून पॅक ठरवायचा, आणि मग त्या पॅकच्या भोवती सांगाडा आखायचा. हा हिशेब अवघड नाही, आपण तुमच्याच आकड्यांवर तो करून पाहू.

भरीव चकतीचे जडत्व म्हणजे वस्तुमानाच्या निमपटीला त्रिज्येच्या वर्गाने गुणणे. ०.२३ किलो आणि ०.०६५ मीटर हे आकडे घातले की ते सुमारे ०.०००४९ येते. तीन सेलवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, तुमची मोटर भाराशिवाय दहा हजारांच्या आसपास फेरे घेईल. चकतीसह ते मिनिटाला ९,००० धरू. त्या वेगाला चकतीत सुमारे २१६ ज्यूल ऊर्जा साठते. वॅट-तासांत हा आकडा फक्त ०.०६ आहे, पण चकती शून्यापासून वेगात आणताना जवळपास तितकीच ऊर्जा मोटर, ईएससी आणि वायर यांत उष्णता होऊन जाते, म्हणून प्रत्येक वेळी बॅटरीतून ०.१२ वॅट-तास गेले असे समजावे. तीन मिनिटांच्या लढतीत चकती आदळून थांबते आणि पुन्हा फिरते, असे तीस वेळा झाले तर ३.६ वॅट-तास लागतील. चकती नुसती फिरती ठेवायला हवेच्या रोधापायी चारेक अँपिअर लागतात असे धरले तर त्याचे २.२, आणि दोन चाकमोटरींचे मिळून १.६ किंवा १.७. बेरीज साडेसातच्या आसपास जाते.

आता तुमचा पॅक पाहा. ११.१ व्होल्ट गुणिले ०.४५ अँपिअर-तास म्हणजे ५ वॅट-तास, आणि त्यातील ८० टक्केच वापरायचे असल्यामुळे हातात ४ उरतात. चकती फळीत अडकली नसती तरी हा पॅक पूर्ण लढत टिकला नसता.

यापेक्षाही महत्त्वाचा भाग उष्णतेचा आहे. आवरणावर छापलेल्या सीच्या आकड्यावर मी गेली कित्येक वर्षे विश्वास ठेवत नाही. ४५० एमएएच गुणिले ७५ म्हणजे ३३.७५ अँपिअर सतत, असा त्या छपाईचा दावा आहे, पण तो आकडा कोणत्या कसोटीवर काढला हे ठरवणारे कोणतेही बंधन उत्पादकावर नाही. त्याऐवजी अंतर्गत रोध मोजावा. बहुतेक चांगल्या बॅलन्स चार्जरमध्ये, म्हणजे सगळे सेल समान पातळीला भरणाऱ्या चार्जरमध्ये, प्रत्येक सेलचा रोध मिलिओहममध्ये दाखवण्याची सोय असते. तुमच्या आकाराच्या सामान्य पॅकचा रोध सेलमागे १८ मिलिओहम धरला तर तीन सेलचा ५४ होतो. त्यातून ४० अँपिअर ओढले की प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या न्यायाने पॅकच्या आत ८६ वॅट उष्णता तयार होते. पंचेचाळीस ग्रॅम वजनाच्या पॅकचे तापमान एक अंशाने वाढायला साधारण ४५ ज्यूल लागतात. म्हणजे तो दर सेकंदाला जवळजवळ दोन अंशांनी तापतो. अडकलेली चकती, उघडा थ्रॉटल आणि पाच-सहा सेकंद यांचा अर्थ आता लक्षात येईल: त्या काही क्षणांत पॅक किमान दहा-बारा अंशांनी तापला, आणि मोटर अडकलेली असताना प्रवाह ४० वर थांबला असेल याची खात्री नाही. तो आधीच्या वापराने गरम झालेला होता आणि प्लेटखाली दाबलेला असल्याने उष्णता बाहेर जायला वाट नव्हती.

याच ठिकाणी सेलमागे ८ मिलिओहमचा ८५० एमएएच पॅक ठेवून पाहा. एकूण रोध २४, उष्णता ३८ वॅट, वजन ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तापण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या अंशापेक्षाही कमी. वजन पस्तीस ग्रॅमने वाढवले आणि तापण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर आला. व्होल्टेज पडण्याचा फरकही तसाच आहे. आधीच्या पॅकमध्ये ४० अँपिअरला २.२ व्होल्ट आतच खर्च होत होते, येथे एक व्होल्टही होणार नाही, त्यामुळे चकती वेगात लवकर येईल आणि रिसीव्हर मधेच बंद पडण्याचा धोका कमी होईल.

चार सेलच्या मोहात पहिल्या रोबॉटला पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढले की चकतीचा वेग त्याच प्रमाणात, सुमारे १२,००० पर्यंत जाईल, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने २१६ चे सुमारे ३८४ ज्यूल होतील आणि चकती प्रत्येक वेळी पुन्हा वेगात आणण्याचा खर्चही त्याच पटीने वाढेल. हवेचा रोध तर त्याहून वेगाने वाढतो. चार सेलचा ६५० एमएएच पॅक ९.६ वॅट-तासांचा असतो. तीन सेलच्या ८५० च्या तो जवळपास बरोबरीचा आहे, पण मागणी मात्र दीडपटीहून अधिक. शिवाय चकतीचे बेअरिंग, आस आणि तुमच्या चाचणीपेटीची काच या साऱ्यांना तो वेग झेपला पाहिजे.

तेव्हा माझा सल्ला: तीन सेल, ८५० एमएएच, शक्य तितका कमी अंतर्गत रोध. वाढलेले ३५ ग्रॅम चकतीतून काढू नका, सांगाड्याच्या मागच्या भिंतींतून काढा. काही पॅकवर उच्च व्होल्टेज असे लिहिलेले असते, ते सेलमागे ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज करता येतात, तर साध्या पॅकची मर्यादा ४.२० आहे. ही दोन प्रकारची बॅटरी एकाच पेटीत ठेवू नका, कारण चार्जरवर चुकीचा प्रकार निवडला गेला तर साधा पॅक मर्यादेबाहेर भरला जाईल.

---

झाळकाम (कोल्हापूर)

नमस्कार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी आणि एका शब्दात देते: नको.

जुन्या पॅकमधील सेल काढून नवा पॅक बांधण्याचे काम मी स्वतः एकदा केले आहे आणि ते पुन्हा करणार नाही. कारणे सांगते, म्हणजे केवळ भीती घातली असे वाटणार नाही. लिथियम पॉलिमर सेलला धातूचा डबा नसतो. १९९४ साली मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोत रोबॉटांच्या लढतींना सुरुवात केली तेव्हा यंत्रांत शिशाच्या किंवा निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत, आणि निकेल-कॅडमियमचा सेल पोलादी डब्यात बंद असल्याने बरेच सोसून घेई. आपल्या सेलचे कवच म्हणजे प्लास्टिकचा थर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, कडेने उष्णतेने चिकटवलेला. त्या चिकटपट्टीतूनच दोन पट्ट्या बाहेर येतात, त्यांतील धन टोकाची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिला साधे सोल्डर धरत नाही. कारखान्यात ती वेल्डिंगने जोडतात. आपण आयर्न दाबून धरले तर उष्णता पट्टीवरून थेट चिकटपट्टीत जाते, ती सैल होते, आणि तेथून हवेतील ओलावा आत जाऊ लागतो. असा सेल त्या दिवशी काहीच दाखवत नाही. महिन्याभराने तो फुगतो.

दुसरे कारण जुळणीचे. पॅकमधील सेल क्षमतेला आणि अंतर्गत रोधाला एकमेकांशी जुळणारे असावे लागतात. दोन वेगळ्या वयाच्या पॅकमधून आणलेले चार सेल एका ओळीत जोडले तर त्यांतील सर्वांत दुबळा आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, इतका की त्याचे व्होल्टेज उलटे होऊ शकते. मल्टिमीटरवर पूर्ण पॅकचा आकडा तेव्हाही ठीकच दिसतो. म्हणून तुमच्या जागेला पॅक बसत नसेल तर जागा बदला. बाजारात एकाच क्षमतेचे लांबट, चौकोनी आणि चपटे असे वेगवेगळ्या मापांचे तयार पॅक मिळतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाताना कागदातून कापलेला, तुमच्या कप्प्याच्या मापाचा एक ठोकळा बरोबर न्या आणि पॅक त्याच्याशी लावून पाहा. छापील मापांत वायर जेथून निघतात तो भाग बहुधा धरलेला नसतो, तेथे दहा-बारा मिलिमीटर अधिक लागतात.

आता कनेक्टर. प्रथम तो पुरेसा आहे का ते पाहू. एक्सटी-३० सतत १५ आणि क्षणिक ३० अँपिअरसाठी आहे, एक्सटी-६० सतत ३० आणि क्षणिक ६० साठी. तीन मिनिटांच्या लढतीत, सरासरी दहा-बारा अँपिअर आणि अधूनमधून काही क्षणांचे चाळीस, एवढ्यासाठी या वजनगटात एक्सटी-३० सर्रास वापरतात आणि माझ्या अनुभवात तो टिकतो, मात्र दोन्ही भाग घट्ट बसणारे हवेत. सैल झालेला कनेक्टर तापतो, त्याला टाकून द्यावे. ज्याची धातूची टोके प्लास्टिकच्या आत झाकलेली राहतात तो भाग नेहमी बॅटरीच्या बाजूला लावावा.

सोल्डर करताना पॅक पूर्ण भरलेला नसावा, सेलमागे ३.८ व्होल्ट असला की पुरे. यामुळे शॉर्ट टळत नाही, पण झाला तर नुकसान कमी होते. टेबलावरून धातूच्या सगळ्या वस्तू दूर करा, अंगठी आणि कडे काढून ठेवा, चष्मा घाला. यानंतरची गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोठ्याने म्हणवून घेते: दोन्ही वायर एकाच वेळी कधीही कापायच्या नाहीत. कटरची पाती धातूची असतात आणि ती एका झटक्यात दोन्ही टोके जोडतात. अशा शॉर्टमध्ये तुमच्या छोट्या पॅकमधूनही क्षणभर दोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू शकतो. काळी वायर कापा, तिचे टोक लगेच टेपने झाकून बाजूला वळवा, आणि मगच लालकडे या. खरे तर लाल वायर काळीचे काम पूर्ण होईपर्यंत कापूच नये.

हीट श्रिंकचा, म्हणजे तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा, तुकडा वायरवर आधी चढवून मागे सरकवून ठेवा, नाहीतर सांधा झाल्यावर तो चढवता येत नाही. वायरचे टोक आणि कनेक्टरचा खळगा दोन्हींना आधी स्वतंत्रपणे सोल्डर पाजा. कनेक्टरचा जोडीदार भाग, ज्याला काहीच जोडलेले नाही असा, त्यात खुपसून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झाले तरी पिना सरळ राहतात. त्रेसष्ट-सदतीसचे सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि थिजताना मधल्या लगदा अवस्थेतून जात नाही, म्हणून मी तेच वापरते. आयर्न किमान ६० वॅटचे आणि टोक रुंद घ्या. बारीक टोकाच्या २५ वॅटच्या आयर्नने माणूस अर्धा मिनिट रेटत राहतो आणि तेवढ्यात उष्णता वायरवरून पॅककडे सरकते. मोठे टोक तीन सेकंदांत काम उरकते. फ्लक्स राळेचा असावा. पत्र्याच्या कामाचे आम्लयुक्त फ्लक्स येथे वापरले तर तारा आतून कुजतात. सांधा गार झाला की वायर हाताने ओढून पाहा, मग मल्टिमीटरने ध्रुव तपासा, आणि तपासून झाल्यावर दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्या.

रोबॉटच्या आतल्या बाजूलाही १६ गेजची सिलिकॉन वायर ठेवा आणि बॅटरीपासून ईएससीपर्यंतची लांबी जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा, कारण लांब वायरमुळे ईएससीच्या तोंडाशी व्होल्टेजचे झटके वाढतात.

पहिल्यांदा पॅक जोडताना सरळ जोडू नका. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा धन वायरच्या मधोमध घाला. जोडणीत शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटेल आणि प्रवाह दोनेक अँपिअरवर अडेल. सर्व ठीक असेल तर तो क्षणभर लुकलुकून विझेल. पुढे कधी चार सेलवर गेलात तर असे दोन दिवे एकापाठोपाठ जोडा. आमच्या कार्यशाळेत या एका दिव्याने वाचवलेल्या ईएससींची संख्या मी मोजलेली नाही, पण तो दिवा लावल्याशिवाय कोणालाही पहिली जोडणी करू देत नाही.

---

उभी_चकती (नाशिक)

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मला बसवणी आणि चार्जिंग यांविषयी लिहायचे आहे, कारण लढतीत मरणारे बहुतेक पॅक विजेमुळे मरत नाहीत, मारामुळे मरतात.

पॅक वरच्या प्लेटखाली दाबून बसवला होता असे आपण लिहिले आहे. तसे करू नये. सेल तापला की थोडा फुगतो, त्याला दोन-तीन मिलिमीटर जागा हवी. ती जागा मोकळी सोडली तर पॅक आत आपटत राहील, म्हणून ती मऊ पण परत उसळणाऱ्या फोमने भरावी. चपलांच्या दुकानात मिळणारे ईव्हीए शीट यासाठी उत्तम आहे. फोमच्या बाहेर एक टणक कवच हवे, त्रिमितीय मुद्रणाने केलेला टीपीयूचा डबा किंवा एचडीपीईच्या भिंती चालतात. कार्बन फायबरची प्लेट पॅकला कधीही थेट लावू नका. ती वीजवाहक असते आणि तिच्या कापलेल्या कडा आवरण चिरतात. कप्प्यात एकाही स्क्रूचे टोक डोकावता कामा नये. आज डोकावत नसेल, पण सांगाडा पिचकल्यावर डोकावेल का, हाही विचार करावा. मी कप्प्याच्या चारही बाजूंनी आतून बोट फिरवून पाहतो. जे बोटाला टोचते ते सेलच्या कवचातून जाईल.

पॅकची जागा रोबॉटच्या मध्यभागी असावी. वायर कप्प्यातून बाहेर येते तेथे तिला एक वळण द्या आणि केबल टायने सांगाड्याला बांधा, म्हणजे धक्क्याचा ताण सोल्डरच्या सांध्यावर येणार नाही. बॅलन्सची पातळ वायर विसरू नका. तीन सेलच्या पॅकला चार बारीक तारा असतात, त्या चाकाच्या गिअरमध्ये किंवा प्लेटखाली चिरडल्या गेल्या तर सेल थेट शॉर्ट होतो. तो प्लग टेपने झाकून पॅकवरच चिकटवून टाका.

मुख्य धन वायरमध्ये बाहेरून काढता येणारा जोड ठेवा. एक्सटी-३० च्या एका भागाची दोन टोके आपसांत जोडली की तो जोड तयार होतो. तो अशा बाजूला असावा की लावताना किंवा काढताना हात चकतीच्या रेषेत येणार नाही. क्रम पाळा: चकतीचे कुलूप लावलेले, ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल शून्यावर, मग जोड, मग रोबॉटवरचा वीज चालू असल्याचा दिवा पाहणे, आणि शेवटी कुलूप काढून पेटीचे दार बंद करणे. बंद करताना नेमका उलटा क्रम. ट्रान्समीटर मधेच बंद केला तर चकती थांबते का, हे प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी तपासावे. पवईच्या आयआयटीतील टेकफेस्टसारख्या मोठ्या स्पर्धांत यंत्राची तपासणी झाल्याशिवाय ते रिंगणात जात नाही, पण आपल्या घरातील किंवा वसतिगृहातील चाचणीला तपासनीस नसतो आणि अपघात तेथेच होतात.

चार्जिंग नेहमी बॅलन्स पद्धतीने आणि क्षमतेच्या एक पट प्रवाहाने, म्हणजे ८५० एमएएचसाठी ०.८५ अँपिअरने करावे. लढतीनंतर पॅक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, त्याला वीस मिनिटे किंवा अधिक लागतात. एकच पॅक घेऊन स्पर्धेला गेलात तर हे थांबणे जमत नाही आणि घाईत चुका होतात, म्हणून किमान तीन सारखे पॅक ठेवावेत आणि त्यांवर क्रमांक लिहावेत. चार्जिंग फरशीवर, अग्निरोधक पिशवीत, पडदे आणि गादीपासून दूर, आणि कोणीतरी जागे व समोर असतानाच करावे. वापर नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावे. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पॅक ठेवू नये.

आग लागलीच तर दोन गैरसमज दूर ठेवावेत. या सेलमध्ये लिथियम मुख्यतः संयुगांच्या रूपात असते, त्यामुळे पाणी टाकले की स्फोट होईल ही भीती अशा लहान पॅकबाबत अनाठायी आहे, आणि भरपूर पाणी हेच त्याला थंड करण्याचे सर्वांत चांगले साधन आहे. कोरड्या पावडरचे अग्निशामक ज्वाळा दाबते, पण सेल थंड करत नाही, म्हणून तो पुन्हा पेटतो. वाळू आग आवरून धरते, विझवत नाही. खरा शत्रू धूर आहे. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असते. पॅक लांब चिमट्याने उघड्यावर नेणे शक्य असेल तर न्यावा, नसेल तर माणसांनी बाहेर पडावे.

स्पर्धेसाठी विमानाने जाणार असाल तर सुटे पॅक फक्त हातातल्या सामानात नेता येतात आणि त्यांची टोके झाकलेली असावी लागतात. आपला ८५० एमएएचचा पॅक साडेनऊ वॅट-तासांचाही नाही, १०० वॅट-तासांच्या मर्यादेपासून तो फार दूर आहे, त्यामुळे अडचण येत नाही.

---

नवखा_यंत्रकार (पुणे)

आपणा तिघांचे मनापासून आभार. सेल सुटे करण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे. मागील तीन आठवड्यांत सांगाडा पुन्हा आखला. मागची भिंत १० ऐवजी ७ मिलिमीटरची केली, दोन्ही बाजूंच्या प्लेटमध्ये खिडक्या कापल्या, आणि त्यातून ३८ ग्रॅम सुटले. तीन सेलचा ८५० चा पॅक घेतला. चार्जरवर सेलमागे ९, ८ आणि ९ मिलिओहम दाखवतो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे कनेक्टर लावला आणि पहिली जोडणी दिव्यातून केली. दिवा विझला नाही, मंद तेवत राहिला. शोध घेतल्यावर चाकाच्या ईएससीपाशी सोल्डरचा एक बारीक थेंब दोन पट्ट्यांना टेकलेला सापडला. सरळ जोडले असते तर ती ईएससी गेलीच असती.

एक शंका उरली आहे. आमच्या ईएससीमध्ये व्होल्टेज कमी झाल्यावर चकती बंद करण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी का? आणि फुगलेल्या जुन्या पॅकचे काय करावे?

---

ओहमचा_नियम (ठाणे)

८-९ मिलिओहम उत्तम आहे. हे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला, पॅक सारख्याच तापमानाला असताना, पुन्हा मोजा. एखाद्या सेलचा रोध बाकीच्यांच्या दुप्पट झाला, किंवा पूर्ण चार्जनंतर काही तासांनी सेलमधील फरक ०.०५ व्होल्टच्या पुढे गेला, तर तो पॅक रोबॉटमधून निवृत्त करा.

व्होल्टेजवर बंद होण्याची सोय लढतीत बहुतेक जण बंद ठेवतात, कारण मोठ्या प्रवाहाला व्होल्टेज क्षणभर खाली जाते आणि ऐन वेळी शस्त्र थांबते. तसे करायचे असेल तर पॅक किती रिकामा होतो हे आधी माहीत हवे. पेटीत पूर्ण तीन मिनिटे, चकती वारंवार अडवून, सराव करा आणि नंतर चार्जरने किती एमएएच परत भरले ते पाहा. ८५० च्या ८० टक्के म्हणजे ६८०. त्याच्या आत असाल तर सोय बंद ठेवायला हरकत नाही. त्याचबरोबर पॅक बाहेर काढल्याबरोबर तापमान मोजा, ते ६० अंशांच्या खाली असलेच पाहिजे.

---

झाळकाम (कोल्हापूर)

तो दिवा आता पेटीतच ठेवा.

फुगलेल्या पॅकला टाचणी लावून हवा काढू नका, दाबून सपाट करू नका, आणि कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच टाकू नका, कारण गाडीत कचरा दाबला जातो. तोच इंडिकेटरचा दिवा उघड्यावर त्याच्या दोन टोकांना जोडून सोडा आणि दूर थांबा. तो विझला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत जोडलेलाच राहू द्या, म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ जाईल. मिठाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत ऐकायला मिळते, पण त्यात धातूची टोके आधी गंजून तुटतात आणि आतील भार तसाच राहू शकतो. पॅक रिकामा झाल्यावर टोके टेपने झाकून ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी देण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे.

---

नवखा_यंत्रकार (पुणे)

काल सराव झाला. तीन मिनिटे, चकती लाकडावर सत्तावीस वेळा अडवली, एकदाही रिसीव्हर बंद पडला नाही. चार्जरने ५९० एमएएच परत भरले आणि पॅक काढताच त्याचे तापमान ४४ अंश होते. जुना पॅक दिव्यावर रिकामा करून केंद्रात जमा केला आहे. सारखे आणखी दोन पॅक आज मागवले, त्यांचे रोध आल्यावर येथेच लिहीन.